निवृत्तीनंतरची वाट : परभणी ते अजिंठा

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात ॲरिझोना, न्यू मेक्सिको अशी कोरडी, वाळवंटी राज्ये आहेत. तिकडे एक रीत आहे. नोकरीतून निवृत्त झाल्यावर बरीच जोडपी एक मोठी मोटार घेतात. तिच्यातच चूल, पलंग, मोरी आणि पाण्याची टाकी असते. उत्तरेत बर्फ पडू लागले की ही मंडळी आपले चाकावरचे घर घेऊन वाळवंटात उतरतात. ॲरिझोनातल्या क्वार्टझसाईट या लहानशा गावाभोवती हिवाळ्यात अशा मोटारघरांचा मोठा तळ पडतो. तिथल्या सरकारी जमिनीवर परवाना काढून १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात राहता येते. त्या मुलखात फिरण्याचा पहिला नियम मात्र एकच : आपले पाणी आपण बरोबर न्यायचे.

आपल्या परभणी जिल्ह्याला चाकावरचे घर नवे नाही. गंगाखेड, सोनपेठ, पाथरी या भागांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, अंथरुणे, पिठाची पिशवी आणि वर बसलेली लेकरे. कारखान्याच्या तळावर कोपी उभी राहिली की तेच घर. उन्हाळा तोंडावर आला की घर पुन्हा चाकावर. म्हणजे फिरणे आपल्याला ठाऊक आहे, पण ते पोटासाठी. काही पाहण्यासाठी प्रवास करायचा, तोही म्हातारपणी आणि जोडीने, ही गोष्ट आपल्या घरांत अजून चैन समजली जाते. ती चैन नाही, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

माझे मामा जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर पाटकरी होते. पैठणहून निघणारा हा कालवा २०८ किलोमीटरचा. रात्री-बेरात्री कंदील घेऊन चारीवर जायचे, दार उघडायचे, पाळीप्रमाणे पाणी सोडायचे, भांडणे मिटवायची, यात त्यांचा जन्म गेला. मामी आधी शेतमजुरीला जात आणि पुढे अंगणवाडीत मदतनीस झाल्या. मामा निवृत्त होऊन सहा वर्षे झाली. या सहा वर्षांत दोघांनी मिळून केलेला प्रवास म्हणजे लग्न, मयत आणि दवाखाना.

उपदानाच्या पैशातून थोडी रक्कम शिल्लक होती. मुलांच्या मनात घराचा वरचा मजला होता. मामी एकच वाक्य बोलल्या, "मजला पोरं पुढं-मागं बांधतील, माझे गुडघे कोण बांधून देणार?" विषय तिथेच संपला. मामांच्या ओळखीची आणखी तीन निवृत्त जोडपी तयार झाली. गल्लीतल्या एका मुलाची क्रूझर ठरली. मी कारकून माणूस, हिशेब ठेवणे हा माझा पेशा, म्हणून सहलीची वही माझ्याकडे आली. मी आणि माझी पत्नी धरून दहा माणसे, अकरावा ड्रायव्हर.

बुधवारी निघून रविवारी परत, असा बेत मुद्दाम केला. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळ मंगळवारी. पुष्कळ मंडळी लांबून येतात आणि बंद दार पाहून परत जातात. वाट ठरली ती अशी : परभणी, जिंतूर, मंठा, जालना, औरंगाबाद म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, तिथून दौलताबाद, वेरूळ, कन्नड, पितळखोरे, घाट उतरून चाळीसगाव, मग भडगाव, पाचोरा, पहूर करीत फर्दापूर आणि अजिंठा, परतीला सिल्लोड, भोकरदन, जालना.

टपावर सतरंज्या, दोन पातेली, तवा, ज्वारीचे पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा चढला. लहान शेगडी आणि पाच किलोची गॅसची टाकी वेगळी बांधली. शेवटी मामांनी वीस लिटरचे पाण्याचे दोन जार आणले आणि खिडकीबाहेर कापडी छागल टांगली. ड्रायव्हर हसला. "मामा, दर दहा किलोमीटरला हॉटेल आहे, बाटली मिळते." मामा म्हणाले, "असू दे. आपलं पाणी आपल्याजवळ बरं."

फेब्रुवारीचा शेवट होता. जिंतूर सोडले की उघडे माळ, दगडाचे बांध, मधूनच हरभऱ्याचे काढलेले रान. येलदरीसारखे धरण याच तालुक्यात आहे, तरी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावेही आहेत. "बनी तो बनी, नहीं तो परभणी" असे म्हणणाऱ्याने ही भूमी कदाचित चांगल्या पावसाच्या वर्षी पाहिली असेल. पाण्याने माणसाला किती नमवले, हे मराठवाड्याला सांगावे लागत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपण सर्वांनी पाहिले. पण आपल्या समाजाला पाण्याने दोनदा नमवले. एकदा दुष्काळात आणि एकदा भरलेल्या हौदाच्या काठावर.

परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या प्रवासाच्या आठवणी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने लिहून ठेवल्या आहेत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या १९९० साली पुस्तिकारूपाने छापल्या. त्यातली पहिली आठवण १९०१ ची. दुष्काळी कामावर तलाव खोदण्याचे काम चालले होते, तिथे वडील खजिनदार होते. त्यांना भेटायला लहानगे भीमराव घरच्या मुलांबरोबर साताऱ्याहून निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. जात कळल्यावर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. डब्यात जेवण भरपूर होते, पण वाटेत पाणी कोणी दिले नाही. पाण्यावाचून घास उतरेना. अन्न जवळ असून मुले उपाशी झोपली.

मामांनी हे पुस्तक वाचलेले नाही. पण त्यांच्या आजोबांपासून घरात एक शिस्त चालत आली : बाहेरगावी जाताना भाकरीआधी पाणी बांधायचे. ती शिस्त कुठून आली, हे जालन्याच्या अलीकडे एका लिंबाखाली जेवताना मी सर्वांना सांगितले. ड्रायव्हर मुलगा बावीस वर्षांचा. तो काही बोलला नाही. जेवण झाल्यावर त्याने स्वतःहून जार नळावर धुऊन पुन्हा भरले.

ही गोष्ट आपल्यापुरती नाही. ज्या अमेरिकन वाळवंटाचा मी वर उल्लेख केला, त्याच रस्त्यांनी काळे लोकही मोटारीने जात. पण वाटेत कित्येक हॉटेले, पेट्रोल पंपावरचे संडास, लॉज त्यांना बंद असत. म्हणून ते जेवण, पांघरूण, पाणी सगळे गाडीतच ठेवत. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाचा एक साधा पोस्टमन होता. कुठल्या गावी काळ्या माणसाला राहायला आणि जेवायला मिळेल, याची यादी तो १९३६ पासून पुस्तकरूपाने छापू लागला. 'ग्रीन बुक' म्हणून ते प्रसिद्ध झाले आणि सुमारे तीस वर्षे निघत राहिले. १९६४ साली तिथे नागरी हक्कांचा कायदा झाला, मग त्याची गरज ओसरली. एकाच वाळवंटात एकाचे चाकावरचे घर हौसेचे होते आणि दुसऱ्याचे नाइलाजाचे. हा फरक आपल्याला कोणी समजावून द्यायला नको.

दुपारनंतर शहरात पोहोचलो. नागसेनवनात मिलिंद महाविद्यालयासमोर गाडी थांबवली. बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेले हे कॉलेज. मराठवाड्यातल्या किती घरांचा पहिला पदवीधर इथून निघाला असेल! आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी इथेच शिक्षण घेतले होते. त्यांनी पत्नीला वसतिगृहाची खिडकी दाखवली. चाळीस वर्षांच्या संसारात ती बाई पहिल्यांदा ते आवार पाहत होती.

संध्याकाळी औरंगाबाद लेण्यांवर गेलो. ही बारा लेणी शहराला लागून असूनही आपले लोक वेरूळ-अजिंठ्याच्या घाईत ती सोडून देतात. सातव्या लेण्याच्या ओसरीत अवलोकितेश्वराचे मोठे शिल्प आहे. भोवती प्रवाशांवरची आठ संकटे कोरली आहेत : आग, तलवारधारी लुटारू, बेड्या, बुडणारे जहाज, सिंह, साप, हत्ती आणि मृत्यू. हे महायान काळातले काम. व्यापारी आणि भिक्खू ज्या वाटांनी जात, त्या वाटांची ती भीती आहे. मी एकेक संकट बोटाने दाखवत होतो. मामींनी सगळे पाहून घेतले आणि म्हणाल्या, "सगळी भयं कोरली, पण पाणी मागायचं भय काही यात न्हाई." त्यावर मला उत्तर सुचले नाही. ज्यांनी ही लेणी कोरवली, त्यांच्या संघात ते भय नव्हते, एवढेच म्हणता येईल. भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा यांच्याबरोबर पाणी गाळण्याचे फडके असते. त्याचे चाकावरचे घर एवढेच. लेण्यांच्या आवारात खडकात खोदलेली पाण्याची टाकी असत, त्यांना जुन्या शिलालेखांत 'पोढी' म्हणतात.

रात्री एका विहारात मुक्काम केला. आधी फोन केला होता. सतरंज्या आमच्या, वंदनेला सगळे एकत्र.

गुरुवारी सकाळी दौलताबाद. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते, तेव्हा ते या किल्ल्यावर थांबले. तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. रमजानचा महिना होता. धुळीने माखलेल्या काही जणांनी दाराजवळच्या भरलेल्या हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले. एका म्हाताऱ्याने हौद बाटल्याचा ओरडा केला, माणसे जमली, प्रकरण हातघाईवर येऊ लागले. शेवटी आत कुठेही पाण्याला हात लावणार नाही, या अटीवर त्यांना किल्ला पाहू दिला आणि मागे एक शस्त्रधारी शिपाई ठेवला. आज त्याच किल्ल्यात आपण सगळ्यांसारखे तिकीट काढून जातो आणि मागे कोणी शिपाई नसतो. मामांनी आपल्या छागलीतले पाणी तिथे बसून प्यायले आणि पायऱ्या चढणाऱ्या दोन अनोळखी मुलांनाही दिले. मी या गोष्टीला मोठे नाव देत नाही. पण पाटकऱ्याने आयुष्यभर लोकांच्या शेतात सोडलेले पाणी आणि हे पाणी, यांत फरक होता. हे त्याच्या हाताने, त्याच्या मर्जीने दिलेले होते.

वेरूळला चौतीस लेणी, त्यांत पहिली बारा बौद्ध. दहावे विश्वकर्मा म्हणजे सुताराचे लेणे. दगडातच लाकडी फासळ्यांसारखे छत कोरले आहे. बारावे तीन ताल, तीन मजली. पण आमची मंडळी सर्वांत जास्त वेळ बसली ती पाचव्या लेण्यात. हा लांबच लांब विहार, मधोमध दगडाच्या दोन बुटक्या, लांब बाकांसारख्या ओळी. भिक्खू इथे ओळीने बसून जेवत किंवा पाठ करीत असावेत, असे मानतात. जुन्या इंग्रजी पुस्तकांत या लेण्याचे नाव 'महारवाडा' असे नोंदले आहे. गावातली आपली माणसे पावसापाण्यात इथे आसरा घेत, म्हणून ते नाव पडले. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांना तथागताच्या विहाराने छप्पर दिले, आणि त्यांना ते कोणाचे घर आहे हे ठाऊकही नव्हते. मामी त्या दगडी बाकाला हात लावून बराच वेळ बसल्या होत्या.

शुक्रवारी कन्नडहून पितळखोरे. येथे चौदा लेणी, फार जुनी, सातवाहनांच्या काळातली. दरीत उतरायला पुष्कळ पायऱ्या आहेत, त्यामुळे दोघी जणी वरच थांबल्या. खाली दगडी हत्तींची रांग आहे. पैठणच्या मितदेव नावाच्या एका गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, इथे खांब दान दिला. इथेच सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीच्या तळव्यावर ती घडवणाऱ्या कण्हदास या सोनाराचे नाव कोरलेले आहे. मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. राजांची नावे सगळीकडे असतात, पण कारागिराचे नाव दगडाच्या हातावर दोन हजार वर्षे टिकते, ही आपल्यासारख्या कष्टकऱ्यांनी लेकरांना दाखवण्याजोगी गोष्ट आहे.

घाट उतरून चाळीसगाव. १९२९ साली बाबासाहेब सरकारी समितीचे सभासद म्हणून खानदेशात आले होते. तिथल्या आपल्या लोकांनी त्यांना वस्तीत नेण्यासाठी टांगा आणला, पण टांगेवाल्यांनी अस्पृश्याला घेऊन हाकायला नकार दिला. मग आपल्यातल्याच एकाने, सवय नसताना, टांगा हाकला. मोरीवर अपघात झाला, बाबासाहेब फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. विलायतेत शिकून आलेला बॅरिस्टर, आणि टांगा हाकणाऱ्या माणसानेही त्याला आपल्यापेक्षा खालचा मानावे! आमचा ड्रायव्हर हे ऐकून म्हणाला, "म्हणजे ड्रायव्हर आपला नि चांगला शिकलेला पाहिजे." सगळे हसले, पण पोराचे म्हणणे खरे होते.

शनिवारी फर्दापूरला मुक्काम केला आणि रविवारी उजाडताच अजिंठा. खासगी गाड्या फर्दापूरच्या नाक्यावर थांबतात, पुढचे चार किलोमीटर एस.टी.च्या बसने जावे लागते. वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर तीस लेणी. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला ती शिकारीत दिसली, असे पुस्तकांत असते. आसपासच्या गावकऱ्यांना ती आधीपासून ठाऊक असणारच. ज्यांना चालवत नाही, त्यांच्यासाठी डोली मिळते. मामींनी डोली घेतली नाही. थांबत थांबत त्या सव्विसाव्या लेण्यापर्यंत आल्या. तिथे तथागतांच्या महापरिनिर्वाणाची सुमारे सात मीटर लांबीची मूर्ती आहे. उशाशी हात घेऊन पहुडलेले तथागत आणि खाली रडणारे शिष्य. मामा-मामींनी जोडीने वंदना घेतली. मामा हळूच म्हणाले, "ऐंशीव्या वर्षीसुद्धा चालतच होते ना हे?" होय. वैशालीहून कुशीनगरपर्यंत, आजारी असताना, पायी.

परतीच्या वाटेवर भोकरदनच्या अलीकडे एस.टी.ची एक बस बंद पडून उभी होती. ऊन कडक, बायका-लेकरे रस्त्याच्या कडेला. मामांनी गाडी थांबवायला सांगितली आणि दोन्ही जार खाली उतरवले. पंचवीस-तीस माणसे पाणी प्यायली. कोणी कोणाचे नाव विचारले नाही, गाव विचारले नाही. जार रिकामे झाले.

आता थोडे व्यवहाराचे. आपल्यातल्या ज्यांना गाडी परवडत नाही, त्यांनी एस.टी. सोडू नये. ६५ वर्षांवरील ज्येष्ठांना निम्मे भाडे आहे, २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील व्यक्तींना प्रवास मोफत आहे आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट आहे. आधारकार्ड जवळ ठेवावे. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० मध्ये बंद केली गेली, हे लक्षात घेऊन बेत करावा. चार-पाच जोडपी मिळून गाडी केली तर खर्च वाटला जातो. वहीत गाडीभाडे, किराणा, मुक्काम, तिकिटे असे चार रकाने आधीच पाडावेत आणि रोज रात्री सर्वांसमोर वाचावेत, म्हणजे कुरबूर होत नाही. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या दोन माणसांकडे वाटून ठेवाव्यात. लेण्यांच्या आवारात शेगडी पेटवू नये, तो आपलाच वारसा आहे. चालत्या गाडीत गॅसची टाकी बंद आणि घट्ट बांधलेली असावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पितळखोऱ्याचा धबधबा पाहायचा तर पावसाळा, पण मग पायऱ्या निसरड्या असतात.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली मोटारघरांच्या पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. तशी गाडी आपल्या दारात कधी येईल ते येवो. आपल्या निवृत्त माणसांना तोवर थांबायला वेळ नाही. त्यांचे गुडघे दरवर्षी एकेक पायरी कमी चढतात. त्यांनी आपल्यासाठी चारी सांभाळली, ऊस तोडला, शाळेची फी भरली, आणि स्वतःसाठी काही मागायची सवय लावून घेतली नाही. म्हणून बंधू-भगिनींनो, विचारायचे काम आपले आहे. या हिवाळ्यात घरातल्या म्हाताऱ्या जोडप्याला एवढेच विचारा, "कुठं जावंसं वाटतं?" आणि जे गाव ते सांगतील, तिथली सुट्टीची वारं आधी पाहून घ्या.